दामाजीच्या मांडवातली दाढ

“आ कर,” गोमाजी लोहार म्हणाला.

ठमाबाईचं तोंड दोन बोटं उघडलं. त्यापुढे उघडेना. गाल करवंटीसारखा टणक झाला होता. चाळिशी उलटल्यावर तिला अक्कलदाढ फुटली होती, आणि तीही आडवी.

दुसरा कुठला दिवस असता तर गाव हसलं असतं. आज कुणाला हसू येत नव्हतं. मांडवात दामाजी आगऱ्याची शेवंती हळदीच्या अंगानं बसली होती, आणि ठमाबाई धवलारीण होती. आगऱ्यांची लग्नं धवलारीण गाऊन लावी. तिचा एक धवला गाऊन झाला की विधी एक पाऊल पुढं सरके. ती गप्प, तर लग्न गप्प. जवळपास दुसरी धवलारीण नव्हती.

त्यात आगगाडी सुरू होऊन तीस वर्षं झाली, तरी ठाण्याचं वऱ्हाड भरतीबरोबर होडीनंच ठाकुर्लीला आलं होतं. ओहोटी लागली की होडी चिखलात बसणार. आणि हळद लागलेली पोर लग्नाविना राहिली तर पुढं तिला कोण विचारणार, हे बोलून दाखवायला दोन चुलत्या तयारच होत्या.

“चौघांनी धरा हिला,” गोमाजी म्हणाला.

“मना कोनी धरू नका,” ठमाबाई दातांतून म्हणाली. “शेवंतीच्या बापाला धरा. त्योच पडंल.”

गोमाजीचं नाव मोठं. कल्याणपर्यंतच्या दुखऱ्या दाढा त्याच्याच सांडशीनं निघत. त्यानं बोट आत घातलं, चाचपलं, सांडशी लावली. ठमाबाईनं मांडवाची मेढ धरली. मेढ हलली, वरचे आंब्याचे टहाळे हलले. ती हलली नाही. कट्‌ असा आवाज झाला, आणि दामाजी खरंच मटकन खाली बसला.

ठमाबाईनं तोंडात जीभ फिरवली. थांबली. गोमाजी दाढ पार नाकापाशी नेऊन, डोळे बारीक करून न्याहाळत होता.

“आली ना?” त्यानं हळूच विचारलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग शेवंतीकडे.

“आली,” ती म्हणाली.

लगेच वाहवेची वाटणी झाली. बारा आणे गोमाजीला, चार आणे ठमाबाईला. गावाची वाटणी अशीच असते. ज्याच्या हातात सांडशी, त्याचा वाटा मोठा. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं तर आपलंही तोंड उघडून गोमाजीपुढं केलं.

ठमाबाईनं मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या, रक्त थुंकलं आणि पाटावर बसली. एका हातानं हनुवटी खाली ओढून तिनं पहिला धवला उचलला. आवाज फाटका होता, पण मांडवाबाहेरच्या पोरींनाही पुरला. घामानं तिची चोळी भिजली. मधल्या दोन-चार ओळी गाळल्या असत्या तरी कुणाला पत्ता लागला नसता. तिनं एकही गाळली नाही. बायका आपसात म्हणाल्या, ताजी जखम आहे, दुखणारच. होडी पाण्यावर डुलत होती तेव्हाच शेवंती तिच्यात चढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोमाजी भात्यापाशी एकटाच बसला होता. डोक्यावरून पदर ओढून ठमाबाई आत आली. गाल कालच्याहून मोठा दिसत होता.

“काय गं, भरून आली का जखम?” त्यानं अंदाजानं तिच्या चेहऱ्याकडे पाहत विचारलं.

तिनं त्याचं बोट धरलं आणि स्वतःच दाढेवर नेऊन टेकवलं. आडवी दाढ होती तिथंच होती. त्याचं बोट बाहेर काढून ती म्हणाली, “काल शेजारची काढलीस. आता ही काढ. पन आदी दार लोट.”