वरच्या दोन चुली

चोपड्याजवळ तापीकाठच्या टेकाडावर पुण्याचे एक साहेब तीन हजार वर्षांपूर्वीचं गाव उकरून काढत होते. टेकाडाला लागूनच केसरबाईंचं घर. त्या घराच्या मधोमध भिंत घालायचं त्यांच्या दोन्ही लेकांनी ठरवलं होतं. विटा अंगणात येऊन पडल्या होत्या. मारुतीला रोज अकरा प्रदक्षिणा घालूनही दोघांची मनं काही वळेनात, तेव्हा एका सकाळी केसरबाई दोघांना घेऊन थेट साहेबांच्या खड्ड्यापाशी आल्या.

“साहेब, इतलं मोठं गाव कसं बुडनं, ते मना पोऱ्यासले सांगा ना!”

साहेबांनी खड्ड्यात पाहिलं. मग केसरबाईंकडे पाहिलं. घसा खाकरून म्हणाले, “हे बघा, खालच्या थरात एकच मोठी चूल आहे. तेव्हा घर भरलेलं होतं. वरच्या थरात दोन लहान चुली दिसतात, एकमेकींकडे पाठ केलेल्या. आणि त्यांच्या वर काहीच नाही. नुसतं गवत.”

दोघे भाऊ खड्ड्याच्या काठाशी आले. धाकटा पितांबर म्हणाला, “दादा, भिंत ऱ्हाऊ दे. त्या ईटासना ओटा बांधूत.”

“बांधूत,” देवचंद म्हणाला. “तुनी वहिनीले मी सांगस, आज तुमना-आमना बठ्ठासना सयपाक एकच चुलवर.”

दोघे ओट्याची लांबी-रुंदी बोलत घराकडे वळले. केसरबाईही हात जोडून निघाल्या, तसे साहेब हळूच म्हणाले,


“अक्का, वरच्या दोन्ही चुली आता तुम्हीच मोडून टाका. माती अजून ओली आहे.”