सोड्याची डबी

डॉक्टरांनी पोट दाबलं तसे जळकोटचे त्र्यंबकराव कळवळले. “अल्सर दिसतोय. हा कधीकधी घराण्यात असतो. वडिलांना होता?” “व्हय, आजोबांनाबी,” त्र्यंबकराव ऐटीत म्हणाले. त्यांनी खिशातून खायच्या सोड्याची चांदीची डबी काढली. “ही बापाकडून लेकाकडं येते. मला पहिली कळ आली तवा आईनं पेढे वाटले.” “पेढे?” डॉक्टर चकित झाले. “निजामाच्या काळापासून भाऊबंद म्हणत होते, हा आमच्या रक्ताचा न्हाय. आता बसले गप.” “हे दत्तक आलेत,” बायकोनं खुलासा केला. डॉक्टर हसले. “मग अल्सर घराण्यातला कसा? जेवणात काय असतं?” “सासूबाईंचा ठेचा. मामंजी गेले, तेव्हापासून त्यांच्या वाटणीचाही हेच खातात.” “ठेचा बंद करा, डबीची गरजच पडणार नाही.” त्र्यंबकरावांनी डबी छातीशी धरली. “थोडं दुखू द्या की डॉक्टरसाहेब. न्हायतर भाऊबंद पुन्हा दत्तक म्हणतील.”