भोंग्याआधीची सायकल

मुलांनो, डोळे मिटा. एकाहत्तरची लढाई, जबलपूरची संध्याकाळ, काचांवर काळा कागद. प्रमोदिनीचे बाबा डबल ड्यूटीवर, कालपासून कारखान्यातच. धाकटा विनय त्यांच्यासाठी रडून राहिला होता.

"गोष्ट सांग त्याला," वसुधाआत्या म्हणाली. "भीती वाटली, आनंद झाला, असं नको. ऐकू येतं तेवढंच सांग."

गोष्टी लिहिणाऱ्या तुम्हा मुलांना मी आजही हेच शिकवते आणि मनोमन त्या आत्याचे आभार मानते.

"बाबांनी सायकल भिंतीला टेकवली," प्रमोदिनी म्हणाली.

बाहेर भिंतीला सायकल टेकली.

विनयचं रडणं थांबलं.

"डब्याची कडी वाजली."

कडी वाजली.

"आत्या, सुटीचा भोंगा तर अजून झाला नाही. कारखान्याचं गेट उघडलंच नसेल."

"थांबली काहून, प्रमू?" आत्या अगदी हळू म्हणाली. "आता थांबू नको."

"पायरीवर बूट वाजले."

बूट वाजले, दाराशी आले आणि पुढच्या वाक्यासाठी थांबले.

प्रमोदिनीनं विनयला जवळ घेतलं, दाराला कान लावला आणि म्हणाली, "बाबांनी मला हाक मारली."