इंजिनाची राख

रशियातल्या यादवीच्या काळात कोळसा संपला तेव्हा फौजेने आगगाडीच्या इंजिनात अरल समुद्रातले सुके मासे जाळले, हे ताश्कंदच्या दफ्तरखान्यात वाचल्यापासून इतिहास-संशोधक येरबोलातला चैन पडेना. सहकारी हसले, “उद्या म्हणशील, विमानं घोडीच्या दुधावर उडवली!” तो तडक अरलकाठच्या एका जुन्या, ओसाड स्टेशनावर आला आणि इंजिनांच्या राखेचा ढीग चाळत सुटला. खिळे मिळाले, काच मिळाली. माशाचा एकही काटा मिळेना. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या कुल्याशआपाने त्याला जेवायला ओढून नेलं. जीव राखेत अडकलेला. त्याने भराभर तळलेला मासा खाऊन काटे बाजूला सारले. आपा खवळली, “काटे टाकतोस? आमच्या घरात चावून खातात.” “का?” “आईची शिकवण. लहानपणी दुष्काळात तिने वेचून खाल्लेले.” “कुठून?” “अरे, तू सकाळपासून उकरतोयस ना, त्याच राखेतून.” येरबोलातने ताटातला एक काटा उचलला आणि तोंडात घालून चावला.