तीन कप्पे

बाळाच्या हृदयात खालच्या दोन कप्प्यांमधला पडदाच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. राहनाळला घरी आलो. सासूबाई म्हणाल्या, “पोटुशीनं ग्रहणात कायबी चिरायचं न्हाय, सांगितलं व्हतं. तू बोंबील चिरलेस.” मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना दाखवायचा हृदयांचा तक्ता घरीच होता, तो त्यांच्यापुढे उलगडला. माशाच्या हृदयाला दोन कप्पे, बेडकाच्या तीन, माणसाच्या चार. “आपल्या बाळाला बेडकासारखे तीनच आहेत,” मी म्हणाले. “शुद्ध-अशुद्ध रक्त एकत्र होतं. म्हणून ओठ निळे पडतात.” त्यांनी बेडकाच्या हृदयावर बोट ठेवलं. “याचं पन रक्त एकत्र?” “हो.” “तरी उड्या मारतो ना?” “मारतो.” “मंग आपला पन मारंल,” म्हणत त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. मी तक्ता गुंडाळून कपाटावर ठेवला. बेडूक कातडीनंही श्वास घेतो, म्हणून त्याचं भागतं, हे मी सांगितलं नाही.