तोंडाचं माप

बस की, श्रीमंत, तुला एक गंमत सांगतो. उन्हाळ्यात आमची समदी आळी घरावरच्या माळवदावर, उघड्यावर झोपती, अन् "तुमच्या घोरण्यानं कुणाला झोप न्हाई," म्हणून माझी बायको राजूबाई रोज भांडायची. शेवटी तिनंच मला बीदरच्या दाताच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं मऊ मेण चावायला लावून तोंडाचं माप घेतलं, अन् घोरणं थांबवायला झोपताना दातात बसवायची पट्टी करून दिली.

पहिल्याच राती ती पट्टी अशी टोचली, की माझा डोळ्याला डोळा लागला न्हाई. सकाळी शेजारचा व्यंकट म्हणला, "अप्पा, पट्टी कामून घातली न्हाई? रातभर घोरलाव की!"



श्रीमंत, तू बीदरला जायलास न्हवं? त्या डॉक्टरला एवढं इचारून ये बाबा, झोपलेल्या बाईच्या तोंडाचं माप, तिला न उठवता, घेता येतं का?