तिसरी शिट्टी

कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि ओट्यामागच्या भिंतीवर लावलेल्या, कॅल्क्युलेटरच्या पडद्यासारख्या काचेवर आठाचा आकडा उमटला. चारुलतानं कपाळावर हात मारला.

आईला ऐकू येईनासं झाल्यापासून दोनदा कुकर करपला होता. यापुढे तिला स्वयंपाक करू द्यायचा नाही, असं भावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. म्हणून चारुलतानं शिट्ट्या मोजणारं हे यंत्र करायला घेतलं. मोजणी अगदी बरोबर होत होती. घात करत होती ती काच. तिला तारा जोडायच्या पिना मोजक्या आणि आकड्यांच्या रेघा जास्त, म्हणून मायक्रोकंट्रोलरनं, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या चिपनं, एकेका पिनेवरून अनेक रेघा आळीपाळीनं चालवायच्या. त्यात हव्या त्या रेघांबरोबर नको त्याही उमटत होत्या. तिनं प्रोग्रॅम पुन्हा लिहिला, व्होल्टेज कमीजास्त केलं, तारा नव्यानं सोल्डर केल्या. तीनाचा आठ व्हायचं काही थांबेना.

"राहू दे गं," खाली विळीवर भाजी चिरणारी आई म्हणाली. "तो म्हणतो तसं करू."

चारुलता तिच्याशेजारी मटकन बसली. तिला रडू येत होतं. सहज वर पाहिलं, तर काचेवर स्वच्छ तीन. उभी राहिली, तर पुन्हा आठ. नको असलेल्या रेघा खालून पाहिलं की दिसतच नव्हत्या. तिनं काचेची वरची कड मागे कलती करून बसवली, म्हणजे उभ्या माणसाची नजरही तिच्यावर खालूनच पडेल. आता उभ्यानंही तीनच दिसला.

संध्याकाळी भाऊ घरी आला तेव्हा कुकर लागलेला होता. तिसरी शिट्टी होताच तो गॅसकडे निघाला. चारुलतानं त्याचा हात धरून ठेवला.

आईनं काचेकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.